पाळीला आठ मिनिटं कमी

साठ मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूला ६७ मिनिटांची शिक्षा झाली. तारीख ११ मार्च १९७९, सामना लॉस एंजेलिस किंग्ज विरुद्ध फिलाडेल्फिया फ्लायर्स, खेळाडूचं नाव रँडी होल्ट. बरं, ही कमाई त्याने पूर्ण सामना खेळून केलेली नव्हती. पहिल्या वीस मिनिटांतच सगळं उरकलं होतं. फोड अशी: किरकोळ दंड एक, २ मिनिटांचा. मोठे दंड तीन, पाच-पाच मिनिटांचे. गैरवर्तनाचे दोन, दहा-दहाचे. आणि ‘सामन्यातून चालता हो’ असे तीन, तेही नोंदीत प्रत्येकी दहाच धरतात. दोन, पंधरा, वीस आणि तीस. एकाच माणसाला एकाच सामन्यातून तीनदा हाकलून देणं आइस हॉकीच्या पंचांनाच जमावं.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात. ही हॉकी वेगळी. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद मैदान, त्यावर साधारण इंचभर जाडीचा बर्फ, पायात धारदार पात्यांचे बूट, चेंडूऐवजी टणक रबराची चकती. मैदानावर एका वेळी एका संघाचे सहा जण. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांचा. एका मैदानाचा बर्फ वजनाने ३५ टनांच्या आसपास भरतो, आणि त्याच्या भोवती लाकडी-प्लास्टिकची भिंत व काच असते, म्हणजे पळून जायला जागा नाही. आमच्या सालवडमध्ये बर्फ लागतो तो सातपाटी-नवापूरहून येणारं पापलेट टिकवायला. त्यावर कोणी कोणाला ठोसे लगावेल हे इथल्या कोणाच्या डोक्यातही येणार नाही. भारतात हा खेळ मुख्यतः लडाखमध्ये, गोठलेल्या तळ्यांवर वाढला.

पण उत्तर अमेरिकेत तो मोठा धंदा आहे. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, १९१७ साली सुरू झाली. आज तिच्यात ३२ संघ आहेत, आणि २०२४-२५ च्या नियमित हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळला. चूक केली की खेळाडूला मैदानालगतच्या काचेच्या खोक्यात बसवतात. कबड्डीत पिवळं कार्ड दाखवून दोन मिनिटं बाहेर काढतात, साधारण तसंच. किरकोळ चुकीला दोन मिनिटं. आणि हातमोजे फेकून समोरच्याला उघड्या मुठींनी बदडलं तर पाच. बहुतेक खेळांत मारामारी केली की थेट घरचा रस्ता. इथे पाच मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं, आणि परत खेळायला उतरायचं. या एका सवलतीतून एक आख्खा पेशा उभा राहिला. त्याला एन्फोर्सर म्हणतात. बोईसरच्या बोलीत सांगायचं तर संघाने पगारावर ठेवलेला दादा. गोल करणं हे त्याचं काम नाही. आपल्या गोल करणाऱ्याला कोणी हात लावला तर हात लावणाऱ्याचा समाचार घेणं हे काम.

आता आकड्यांकडे वळू, पण त्याआधी एक माप ठरवून घेतो. सालवड हे बोईसरला खेटून, तारापूर एमआयडीसीच्या पट्ट्यातलं गाव. इथली घरं पाळ्यांवर चालतात: फर्स्ट, सेकंड, नाईट. सोयरीक जुळवायला येणारेसुद्धा मुलाची या आठवड्यात कुठली पाळी आहे ते विचारून दिवस ठरवतात. एक पाळी आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटं, ओव्हरटाइम वेगळा. एन्फोर्सरची कारकीर्द मोजायला मला याहून चांगलं माप दिसत नाही.

डेव्ह शुल्ट्झ. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या शेतीच्या मुलखातला, अहिंसा मानणाऱ्या मेनोनाइट पंथाच्या घरातला मुलगा. फिलाडेल्फियात त्याचं टोपणनाव पडलं ‘हातोडा’. १९७४-७५ च्या हंगामात त्याने ७६ सामन्यांत दंडाची ४७२ मिनिटं जमवली. सात तास बावन्न मिनिटं. पाळी भरायला आठ मिनिटं कमी! एनएचएलमध्ये एका हंगामातला हा विक्रम पन्नास वर्षं उलटली तरी कोणी मोडलेला नाही. त्या हंगामात त्याचे गोल नऊ. त्याच संघाने १९७४ आणि १९७५, अशी सलग दोन वर्षं लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप जिंकला, तेव्हा शहराने त्याला डोक्यावर घेतलं यात नवल नाही. १९७५ मध्ये त्या काचेच्या खोक्यावर त्याने स्वतःच्या आवाजात गाण्याची तबकडीही काढली. लोकांनी ती विकतही घेतली.

एका हंगामाची गोष्ट सोडा, आख्ख्या कारकिर्दीचं घ्या. सर्वांत वर डेव्ह ‘टायगर’ विल्यम्स: ९६२ सामने, दंड जवळपास ३,९७० मिनिटं. सव्वाआठ पाळ्या. माणूस आठवडाभराहून जास्त दिवस रोज कामावर जातो, कार्ड पंच करतो आणि पाळीभर फक्त शिक्षा भोगत बसतो, असं समजा. त्याच्याखाली डेल हंटर ३,५६५, टाय डोमी ३,५१५, मार्टी मॅक्सॉर्ली ३,३८१, बॉब प्रोबर्ट ३,३००, रॉब रे ३,२०७. लीगच्या शंभरावर वर्षांच्या इतिहासात तीन हजारांचा टप्पा नऊ जणांनी ओलांडला आहे. या नवांची बेरीज ३० हजार मिनिटांच्या थोडी वर जाते, म्हणजे ५०४ तास. बरोबर एकवीस दिवस आणि एकवीस रात्री. त्या नवांतला क्रेग बेरुबे पुढे प्रशिक्षक झाला आणि २०१९ मध्ये सेंट लुईसच्या संघाला त्याने पहिलावहिला स्टॅन्ली कप मिळवून दिला, तेव्हा खोक्यात बसून माणूस काहीच शिकत नाही असंही म्हणता येत नाही.

डेल हंटरला मात्र या यादीत घालताना मला थोडा संकोच वाटतो. त्याने हजारावर गुणही मिळवलेत (गोल आणि गोलाला मदत, दोन्हीला एकेक गुण). हजार गुण आणि तीन हजार दंडमिनिटं, दोन्ही खात्यांत नाव असलेला तो एकटाच. बाकीच्यांच्या गुणांचं खातं तुलनेने हलकंच.

सगळ्यात करुण आकडा मात्र एनएचएलच्या बाहेरचा आहे. केव्हिन इव्हान्स नावाच्या खेळाडूने १९८६-८७ मध्ये कलामाझू या दुय्यम लीगमधल्या संघाकडून एका हंगामात ६४८ मिनिटांचा दंड घेतला. दहा तास अठ्ठेचाळीस मिनिटं. रिलीव्हर आला नाही म्हणून डबलला थांबलेल्या कामगारासारखी दुसरी पाळीही त्याने एक तृतीयांशाहून जास्त लांबवली होती. वरच्या लीगमध्ये पोचण्यासाठी ही धडपड होती, आणि एनएचएलमध्ये त्याला उभ्या आयुष्यात खेळायला मिळाले सामने नऊ.

बसण्याचा हिशोब झाला. आता उभं राहण्याचा. आइस हॉकीत कोणी सलग खेळत नाही. पूर्ण जोर लावून पाऊण मिनिट खेळायचं, की बाकावर, आणि दुसरी फळी आत. एन्फोर्सर बहुधा चौथ्या फळीत असतो आणि त्याला सामन्यात सरासरी पाच-सहा मिनिटंच बर्फ मिळतो. सहा मिनिटं धरून ८२ सामन्यांनी गुणलं तर ४९२ येतात. एक पाळी आणि वर बारा मिनिटं. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत विमानं, हॉटेलं, सराव, मालिश, टाके, आणि या सगळ्याच्या शेवटी वर्षभराचं प्रत्यक्ष काम सालवडच्या एका ऑपरेटरच्या एका दिवसाएवढं. २०२४-२५ च्या हंगामात लीगचा किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता. भागाकार केला तर मिनिटाला १,५७५ डॉलर. डॉलर ८५ रुपयांना धरला तर मिनिटाला सव्वा लाखाच्या वर. हा आकडा ऐकून पोरगं स्केट्स मागायला लागण्याआधी पुढचं वाचावं.

कारण खरं काम सहा मिनिटांचंही नाही. टाय डोमीच्या मारामाऱ्या मोजणारे ३३३ हा आकडा सांगतात. इतक्या दुसऱ्या कोणाच्या नाहीत. एक मारामारी सरासरी अर्ध्या मिनिटाची धरू. त्याहून जास्त वेळ बर्फावर पाय टिकवून ठोसे मारत राहणं कठीण असतं, कारण पायाखाली आधार नसतो आणि मारलेल्या प्रत्येक ठोशाने मारणाराही मागे सरकतो. म्हणून एका हाताने समोरच्याची जर्सी घट्ट धरायची आणि दुसऱ्याने मारायचं. ३३३ अर्धी मिनिटं म्हणजे पावणेतीन तास. सोळा हंगाम, १,०२० सामने, आणि ज्यासाठी नाव झालं ते काम पावणेतीन तासांचं. सात वाजता फर्स्टला आलेला माणूस पावणेदहापर्यंत, चहाच्या सुट्टीच्या आसपास, तेवढं उरकेल. डोमीची उंची पाच फूट दहा इंच होती, या धंद्यात बुटकीच. त्याचं डोकं दगडाचं आहे असं लोक कौतुकाने म्हणत.

या पावणेतीन तासांभोवती किती नियम विणलेत पाहा. रॉब रे मारामारी सुरू होताच आपली जर्सी आणि खांद्याची पॅडं अंगावरून उतरू देई. समोरच्याला धरायला काही उरतच नसे. त्यावर उपाय म्हणून जर्सी मागून विजारीला पट्ट्याने अडकवणं सक्तीचं झालं. १९७१ मध्ये ठरलं की दोघांच्या भांडणात तिसरा घुसला तर तो सामन्याबाहेर. १९९२ मध्ये भांडण उकरून काढणाऱ्याला जादा शिक्षा लावायचं ठरलं. २०१३ मध्ये नियम आला की मारामारीआधी स्वतःचं हेल्मेट काढलं तर दोन मिनिटं जादा. मुठी हेल्मेटवर आपटून फुटतात म्हणून खेळाडू ते काढत. नियम झाल्याबरोबर त्याच वर्षीच्या एका सराव सामन्यात दोघांनी काय केलं? अदबीने एकमेकांची हेल्मेटं काढून खाली ठेवली आणि मग सुरू झाले. नियमात ‘स्वतःचं’ असं लिहिलेलं होतं. वकिली डोकं बर्फावरही चालतं.

अदबीवरून जॉर्ज लाराक आठवतो. २००६ मध्ये एका सामन्यात त्याच्या अंगावर माइक लावलेला होता. समोरच्याला त्याने आधी विचारलं, लढायचं का. तो हो म्हणाला. मग लाराकने त्याला मनापासून शुभेच्छा दिल्या आणि पुढच्याच क्षणी ठोसे घातले. पुढे हा गृहस्थ प्राणिजन्य पदार्थ सोडून पूर्ण शाकाहारी झाला आणि कॅनडाच्या ग्रीन पार्टीचा उपनेताही.

आता प्रश्न असा की संघ या कामाचे पैसे का मोजत होते. उत्तरासाठी वेन ग्रेट्स्कीकडे जावं लागतं. ८९४ गोल, २,८५७ गुण, १९८१-८२ च्या एकाच हंगामात ९२ गोल. अंगाने किरकोळ. एडमंटनमध्ये त्याच्या शेजारी डेव्ह सेमेन्को नावाचा धिप्पाड गडी उभा असे. सेमेन्कोचे ५७५ सामन्यांत गोल ६५. पण ग्रेट्स्कीला धक्का मारायचा तर आधी सेमेन्कोचा विचार करावा लागे. जून १९८३ मध्ये सेमेन्को साक्षात महंमद अलींसमोर तीन फेऱ्यांच्या प्रदर्शनी लढतीत उभा राहिला. लढत बरोबरीत सुटल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षीच्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यात ग्रेट्स्कीने शेवटच्या वीस मिनिटांत चार गोल करून मोटार जिंकली, आणि ती सेमेन्कोला देऊन टाकली. नंतर हे काम मॅक्सॉर्लीकडे आलं. ९ ऑगस्ट १९८८ ला ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसने घेतलं, तेव्हा त्याच सौद्यात मॅक्सॉर्लीही सोबत गेला. हिरा आणि तिजोरी एकत्र विकावी तसं. ८९४ पैकी किती गोल सेमेन्कोच्या आणि मॅक्सॉर्लीच्या खात्यात टाकायचे? माझ्या मते बरेच, पण ते मांडायला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

मॅक्सॉर्लीचा शेवट वाईट झाला. २१ फेब्रुवारी २००० ला सामना संपायला तीनेक सेकंद उरले असताना त्याने डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यावर मागून काठी मारली. ब्रॅशियर बर्फावर आदळून बेशुद्ध पडला. लीगने बंदी घातलीच, शिवाय प्रकरण व्हँकुव्हरच्या न्यायालयात गेलं आणि शस्त्राने हल्ला केल्याचा दोष सिद्ध झाला. तुरुंगवास टळला, पण ९६१ सामन्यांनंतर मॅक्सॉर्ली एनएचएलमध्ये पुन्हा दिसला नाही.

ब्रॅशियर मात्र खेळत राहिला, आणि चार वर्षांनी आणखी एका विक्रमाची पहिली मूठ त्याचीच होती. ५ मार्च २००४, फिलाडेल्फिया विरुद्ध ओटावा. शेवटची पावणेदोन मिनिटं उरलेली. ब्रॅशियर आणि ओटावाचा रॉब रे, तोच जर्सीवाला, भिडले. मग त्यांच्याभोवतीचे भिडले. मग दोन्हीकडचे गोलरक्षक आपापली जागा सोडून मधोमध येऊन भिडले. त्यांना बाहेर काढून खेळ सुरू केला की नवे पाच-पाच भिडत. शेवटी बाकांवर बसायला माणसं उरेनात. त्या सामन्याचा एकूण दंड ४१९ मिनिटं, फिलाडेल्फियाचे २१३ आणि ओटावाचे २०६. साठ मिनिटांच्या खेळात सात तासांची शिक्षा, आणि त्यातली बहुतेक शेवटच्या पावणेदोन मिनिटांत मिळालेली. आधीचा विक्रम ४०६ चा होता, बोस्टन आणि मिनेसोटाचा, १९८१ चा.

भारतीय वंशाचा कोणी या धंद्यात होता का? होता. रॉबिन बावा, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या डंकन गावचा पंजाबी मुलगा, जन्म १९६६ चा. एनएचएलमध्ये खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. ज्युनियर हॉकीत एका हंगामात त्याने पन्नासाच्या वर गोल केले होते. म्हणजे हात गोल करणारे होते. पण वर जायची वाट मुठींतून गेली. १९८९ ते १९९४ मध्ये चार संघांकडून मिळून ६१ सामने, ६ गोल आणि ६० मिनिटं दंड. दंडाचं खातं जेमतेम एका सामन्याएवढं. १९९९ मध्ये डोक्याला बसलेल्या मारांमुळे त्याला खेळ सोडावा लागला.

इथून पुढचे आकडे फलकावर लागत नाहीत.

डेरेक बोगार्ड. उंची सहा फूट सात इंच, वजन १२० किलोच्या आसपास. मिनेसोटाचा लाडका. २००६ मध्ये एका मारामारीत त्याने टॉड फेडोरुकच्या गालाचं हाड असं चुरलं की तिथे धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी दोघे एका संघात होते आणि नेमाने एकत्र सराव करत होते. बोगार्डचे एनएचएलचे सामने २७७, गोल तीन. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोलामध्ये २३४ सामने गेले. सामन्याला पाचेक मिनिटं धरली तर सहा हंगामांत तो बर्फावर २३ तास होता. तीन पाळ्यासुद्धा पूर्ण नाहीत. तेवढ्यात साठच्या वर मारामाऱ्या. २०१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याच्याशी चार वर्षांचा ६५ लाख डॉलरचा करार केला. तो त्यांच्यासाठी २२ सामने खेळला. डिसेंबरात एका मारामारीत डोक्याला मार बसला, आणि १३ मे २०११ ला दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या मिश्रणाने तो गेला. वय २८.

मेंदू तपासणीसाठी बोस्टन विद्यापीठाकडे गेला. सीटीई सापडला: डोक्याला वारंवार बसलेल्या मारांनी होणारा, स्मृती आणि स्वभाव पोखरणारा मेंदूचा आजार, जो आजही नक्की कळतो तो मेंदू कापून पाहिल्यावरच. वर ज्याचं नाव ३,३०० मिनिटांपुढे आलं तो बॉब प्रोबर्ट २०१० मध्ये ४५ व्या वर्षी हृदयविकाराने गेला होता. त्याच्याही मेंदूत सीटीई होता. पण सतरा वर्षांनी लहान असलेल्या बोगार्डचा आजार प्रोबर्टपेक्षा पुढे गेलेला होता. बोगार्ड गेला त्याच २०११ च्या उन्हाळ्यात १५ ऑगस्टला रिक रिपियन गेला, वय २७, आणि ३१ ऑगस्टला वेड बेलाक, वय ३५. ११० दिवसांत तीन एन्फोर्सर. कारणं वेगवेगळी होती, धंदा एक होता.

तीन घटनांवरून निष्कर्ष काढू नये हे मान्य. म्हणून मोठे आकडे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९६७ पासूनचे सहा हजार एनएचएल खेळाडू तपासले. त्यांतले ३३१ जण ५० किंवा जास्त मारामाऱ्या केलेले निघाले. त्यांची तुलना त्याच काळातल्या, तशाच अंगापिंडाच्या पण न मारणाऱ्या खेळाडूंशी केली. मेलेल्यांची संख्या दोन्ही गटांत फार वेगळी नव्हती. वय वेगळं होतं: मारणारे सरासरी ४७.५ व्या वर्षी गेले, न मारणारे ५७.५ व्या. दहा वर्षांचा फरक. पुढच्या वर्षी बोस्टन विद्यापीठाने ७७ हॉकीपटूंच्या दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास मांडला. एनएचएल खेळलेले १९ होते. १८ जणांच्या मेंदूत सीटीई. खेळाच्या प्रत्येक जादा वर्षामागे शक्यतेचं पारडं ३४ टक्क्यांनी जड होतं असं त्यांचं गणित निघालं. हे व्याज चक्रवाढीने दहा वर्षं चालू दिलं तर अठरापटीच्या वर जातं. मेंदू दान करणारी घरं बहुतेक लक्षणं दिसलेलीच असतात, म्हणून १९ पैकी १८ हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही, हेही खरं. लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी तर हॉकी आणि सीटीई यांचा संबंध सिद्ध झालेला नाही असंच वेळोवेळी सांगितलं आहे.

निवृत्त खेळाडू लीगविरुद्ध न्यायालयात गेले. २०१८ मध्ये तडजोड झाली: ३१८ खेळाडू, एकूण १ कोटी ८९ लाख डॉलर, उपचार आणि वकील वगैरे सोडून प्रत्येकाच्या हाती साधारण २२ हजार डॉलर. लीगने चूक कबूल केली नाही. आता वरचा भागाकार पुन्हा काढा. २०२४-२५ च्या किमान पगाराने मिनिटाला १,५७५ डॉलर, तर २२ हजार डॉलर म्हणजे चौदा मिनिटांची मजुरी. मारामारीच्या तीन शिक्षा भोगायला पंधरा मिनिटं लागतात. तेवढीही भरपाई नाही.

या सगळ्यात एक आनंदाची गोष्ट घडली, तीही थट्टेतून. जॉन स्कॉट, सहा फूट आठ इंच, यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर, २८६ सामन्यांत ५ गोल. २०१६ च्या ऑल-स्टार सामन्यासाठी चाहत्यांनी गंमत म्हणून त्याला इतकी मतं दिली की तो कर्णधार म्हणून निवडून आला. त्याने नाव मागे घ्यावं असा आग्रह झाला. मध्येच त्याचा संघ बदलला गेला आणि त्याला दुय्यम लीगमध्ये पाठवण्यात आलं. तो तरीही नॅशव्हिलला खेळायला गेला, दोन गोल केले, सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि त्याच्या संघाने दहा लाख डॉलरचं बक्षीस वाटून घेतलं.

धंदा मात्र बसत गेला. १९८० च्या दशकात सरासरी दर सामन्याला एकाहून जास्त मारामारी होत असे. २००८-०९ मध्ये १,२३० सामन्यांत सातशेच्या वर झाल्या, २०१८-१९ मध्ये १,२७१ सामन्यांत सव्वादोनशेच्या आसपास. खेळ वेगवान झाला, पगाराला कमाल मर्यादा आली, आणि सहा मिनिटांच्या माणसावर जागा अडवणं परवडेना. २०२३-२४ मध्ये लीगमधला सर्वाधिक दंड होता १५३ मिनिटं. शुल्ट्झच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पाळीच्या हिशोबात अडीच तास.

मुठी मात्र संपल्या नाहीत. १५ फेब्रुवारी २०२५ ला मॉन्ट्रियलमध्ये अमेरिका विरुद्ध कॅनडा सामन्यात पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या, आणि त्यांत गोल करणारे नामवंत खेळाडूही उतरले होते. क्विबेकच्या ज्युनियर लीगने २०२३ मध्ये मारामारी करणाऱ्याला थेट सामन्याबाहेर काढायचं ठरवलं. एनएचएलमध्ये खेळाडूंच्या सुरक्षेचा विभाग २०१७ पासून जॉर्ज पॅरोस सांभाळतो. तो स्वतः एन्फोर्सर होता, आणि २०१३ मध्ये एका मारामारीत हनुवटीवर आपटल्यावर त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं होतं. त्याच्या लीगमध्ये मारामारीची शिक्षा १९२२ साली पाच मिनिटं ठरली होती. ती आजही पाच मिनिटंच आहे, आणि वरचे सगळे आकडे पाहता ती फारच कमी आहे.